वाकून लिहिणारा गुरू



जून महिना उजाडला की गावोगावच्या शाळांची कुलुपे निघतात. बंद वर्गांतली धूळ झाडली जाते, फळ्याला नवा काळा रंग लागतो आणि पहिलीच्या दारात आईचा पदर न सोडणाऱ्या मुलांचा एकच कल्लोळ उठतो. हाच महिना ख्रिस्तसभेने येशूच्या पवित्र हृदयाला वाहिलेला आहे. ज्या हृदयाने लेकरांना जवळ घेतले, त्या हृदयाचे आणि आपल्या गावातल्या चिमुकल्या प्राथमिक शाळेचे नाते काय, याचे चिंतन आज आपण करू या.

येशूला लोक रब्बी म्हणत. रब्बी म्हणजे गुरुजी. त्याने डोंगरावर शिकवले, मचव्यात बसून शिकवले, वाटेने चालता चालता शिकवले. परंतु त्याने काही लिहिल्याचा उल्लेख चारही शुभवर्तमानांत एकाच ठिकाणी येतो. संत योहानाच्या शुभवर्तमानातील आठव्या अध्यायातला तो प्रसंग आपल्याला परिचित आहे. शास्त्री आणि परुशी यांनी एका स्त्रीला ओढत आणून लोकांच्या मधोमध उभे केले होते. त्यांच्या मुखी नियमशास्त्र होते आणि शिक्षा होती धोंडमाराची. त्या वेळी प्रभू खाली वाकला आणि बोटाने जमिनीवर लिहू लागला. तो काय लिहीत होता हे योहानाने सांगितलेले नाही. मात्र तो वाकला होता, हे सांगायला योहान विसरत नाही. आणि एकदा नव्हे तर दोनदा सांगतो.

आपल्याकडे पाटी-पेन्सिल येण्यापूर्वी मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत. फळीवर बारीक धूळ पसरायची, तीत अक्षर काढायचे, चुकले तर हात फिरवून पुसायचे आणि पुन्हा काढायचे. धुळाक्षरे हा शब्द तेथूनच आला. धुळीतल्या अक्षराचा एक गुण असा की चूक तेथे कायमची राहत नाही. नवशिक्या हाताला दुसरी संधी मिळते. त्या दिवशी यरुशलेमच्या मंदिरात एका स्त्रीचा अपराध दगडावर कोरायला निघालेल्या लोकांपुढे प्रभूने धुळीत लिहिले. तिला दुसरी संधी दिली आणि पुन्हा पाप न करण्याचा धडाही दिला. क्षमा आणि शिस्त, दोन्ही एकाच श्वासात. उत्तम शिक्षकाचे याहून वेगळे लक्षण कोणते सांगावे?

मोठ्याने लहानासाठी वाकावे, ही जाणीव केवळ आपल्याच ग्रंथात आहे असे नाही. तामिळनाडूत कुंभकोणमजवळ तिरुप्पनंदाळ नावाचे गाव आहे. ज्या तंजावर प्रांतात भोसले घराण्याची गादी सुमारे पावणेदोनशे वर्षे नांदली, त्याच मुलखातले हे गाव. तेथील शिवमंदिराविषयी लोक एक कथा सांगतात. ताटकै नावाची भक्त स्त्री देवाला हार घालायला आली. हात उंचावताच तिचे वस्त्र ढळू लागले. एक हात हाराला आणि एक हात लज्जेला, अशी तिची अवस्था झाली. तेव्हा देवानेच मस्तक कलते केले आणि तिचा हार स्वीकारला. पुढे राजाला वाटले, देवाची मूर्ती अशी तिरकी असणे शोभत नाही. त्याने हत्ती जुंपले, परंतु लिंग सरळ होईना. अखेर कुंगिलिय कलय नायनार नावाच्या भक्ताने दोर स्वतःच्या गळ्यात बांधून ओढ घेतली, आणि हत्तींच्या बळाला जे जमले नव्हते ते प्रेमाच्या ओढीने साधले. बाराव्या शतकात रचलेल्या पेरियपुराणम् या तमिळ ग्रंथात या भक्ताचे चरित्र आले आहे.

आपली श्रद्धा निराळी आहे हे खरे. तरीही ही कथा ऐकताना माझे मन नासरेथकडे गेल्यावाचून राहिले नाही. एका गरीब स्त्रीची अडचण ओळखून देव झुकतो, हे त्या गावच्या भाविकांना कळले होते. आपण तर असे मानतो की देव केवळ मस्तक कलते करून थांबला नाही. तो स्वर्गातून उतरून मरियेच्या मांडीवर आला. त्याला चालायला शिकावे लागले, बोलायला शिकावे लागले. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारीत होता, असे संत लूक सांगतो. म्हणजे जगाचा गुरू आधी विद्यार्थी झाला. म्हणून प्रत्येक लहानशा शाळेत, पायांवर चिखल घेऊन जाजमावर बसलेल्या प्रत्येक मुलामध्ये, आपल्याला त्याचे रूप दिसले पाहिजे.

हे वाकणे आपल्या मराठी ख्रिस्तसभेच्या इतिहासात कसे उतरले, ते पाहू. त्यासाठी तिरुप्पनंदाळहून आपल्या गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यात परत यावे लागेल.

आजचा अहिल्यानगर म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा. अमेरिकन मराठी मिशनचे कार्य येथे १८३१ साली सुरू झाले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या पंचवीस वर्षांत जर्मन येशूसंघीय धर्मगुरूही या भागातील खेड्यांत येऊन राहिले. त्यांच्यासमोर जी माणसे होती, ती बहुतांशी गावकुसाबाहेरची होती. त्या काळी शाळेचे दार अशा मुलांना उघडे असले तरी आतली जागा उघडी नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवले आहे की शाळेत बसण्यासाठी त्यांना घरून गोणपाट न्यावे लागे आणि ते वेगळे अंथरावे लागे. पुढे ज्यांनी देशाची घटना घडवली त्यांच्या बालपणाची ही गोष्ट. मग ज्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही अशा हजारो मुलांची काय कथा?

अशा मुलांसाठी मिशनची शाळा निघाली. तिला शाळा म्हणावे की चर्च, असा प्रश्न पडावा. मातीच्या भिंतींची एकच खोली. आठवडाभर तेथे बाराखडी आणि पाढे चालत, रविवारी तेथेच प्रार्थना होई. धर्मगुरू घोड्यावरून किंवा बैलगाडीने अधूनमधून येत. रोजचा भार असे तो मास्तरांवर. सकाळी मुलांना शिकवणारे, संध्याकाळी थोरांकडून जपमाळ म्हणवून घेणारे, आजाऱ्याजवळ बसणारे, निरक्षर माणसाला पत्र वाचून दाखवणारे आणि सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे ते समजावून सांगणारे, असे हे मास्तर. साऱ्या वस्तीच्या तोंडी त्यांचे एकच नाव असे, ‘मास्तर’; आणि त्यांच्या पत्नीला सारे बाई म्हणत.

राहुरी तालुक्यातील केंदळ या खेड्यातून फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली ‘निरोप्या’ हे मराठी मासिक सुरू केले. पुढे १९०७ साली हेच डोरिंग पुण्याचे बिशप झाले. जर्मनीत जन्मलेल्या या माणसाने मराठी मासिक काढावे, तेही मुंबई-पुण्याहून नव्हे तर एका खेड्यातून, यामागे केवढी श्रद्धा असेल! ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी कधी अक्षर पाहिले नव्हते, त्यांची लेकरे उद्या मासिक वाचतील, ही ती श्रद्धा. मासिकाला वाचणारे हवेत, आणि वाचणारे हवेत तर त्यांना वाचायला शिकवणारा मास्तर हवा. केंदळचे ते मासिक आणि खेड्यातली ती एका खोलीची शाळा ही एकाच झाडाची दोन पाने होती. परदेशी धर्मगुरूंनी आधी वाकून आपली भाषा शिकून घेतली, मग आपल्याला शिकवले. त्यांच्या सुमारे तीनशे वर्षे आधी फादर थॉमस स्टीफन्स यांनी हेच केले होते. इंग्लंडात जन्मून गोव्यात आलेल्या या धर्मगुरूने ख्रिस्तपुराण रचले ते मराठीत, आणि ते १६१६ साली छापले गेले.

मग १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. जर्मन धर्मगुरू ब्रिटिश सरकारच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. अनेकांना स्थानबद्ध करण्यात आले, पुढे मायदेशी धाडण्यात आले. कालपर्यंत घोड्यावरून येणारे फादर एकाएकी येईनासे झाले. गावात उरले ते मास्तर, मुले आणि त्यांचे आईबाप. बंधुभगिनींनो, शाळा कोणाची असते याचे उत्तर अशाच घडीला कळते. जी शाळा केवळ फादरांची असते ती फादर गेल्यावर संपते. जी गावाची झालेली असते ती चालू राहते. श्रद्धा नेणाऱ्याबरोबर निघून जात नाही. ती शिकलेल्याच्या ओठांवर राहते. आज या जिल्ह्यात आपली ख्रिस्तसभा उभी आहे, त्यात त्या अनामिक मास्तरांचा वाटा किती मोठा आहे, हे देवच जाणे.

अशा शाळेने मुलांना कोणती मूल्ये दिली? मूल्ये भिंतीवर रंगवून येत नाहीत. ज्याच्याकडे पेन्सिल आहे त्याने ती मोडून अर्धी शेजाऱ्याला दिली, तेथे ती येतात. चौथीतली मुलगी पहिलीतल्या मुलाचे बोट धरून त्याला घरी पोहोचवते, तेथे येतात. हजेरी घेताना एका नावाला उत्तर मिळाले नाही की शिक्षक मान वर करून विचारतात, ‘का आला नाही रे?’ आणि संध्याकाळी त्या मुलाच्या घराकडे वळतात, तेथे येतात. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे प्रभू म्हणाला. चाळीस मुलांच्या शाळेत हे शक्य असते. लहानपण हे अशा शाळेचे वैगुण्य नाही, तिचे ते बळ आहे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ऑक्टोबर १९६५ मध्ये ख्रिस्ती शिक्षणावर जे घोषणापत्र काढले, त्याचा आशयही हाच आहे. कॅथलिक शाळेची ओळख तिच्या इमारतीवरून वा निकालावरून ठरत नाही. शुभवर्तमानाच्या मुक्त आणि प्रेमळ वृत्तीने भारलेला जो समुदाय तेथे नांदतो, त्यावरून ती ठरते.

आता थोडे आपल्याविषयी बोलू. हे बोलणे कडू लागेल, पण बोलले पाहिजे.

गेल्या काही वर्षांत खेड्यातल्या लहान शाळांना उतरती कळा लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०१७ च्या अखेरीस दहापेक्षा कमी पट असलेल्या सुमारे १,३०० शाळा बंद करून तेथील मुलांना जवळच्या शाळांत पाठवण्याचा निर्णय घेतला. त्यात सरकारी शाळा होत्या. परंतु आपल्या धर्मग्रामांतील मराठी शाळांचे पट तरी कोठे वाढत आहेत? सकाळी पिवळी बस येते आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळेकडे मुलांना घेऊन जाते. मी आईबापांना दोष देणार नाही. इंग्रजी म्हणजे भाकर, असे ज्याला अनुभवाने कळले आहे तो आपल्या लेकराला त्या बसमध्ये बसवणारच. दोष असेल तर तो आपला आहे. आपण गावच्या शाळेत इंग्रजी नीट शिकवली नाही, शिक्षकाला वेळेवर आणि पुरेसा पगार दिला नाही, गळके छप्पर दुरुस्त केले नाही. आणि मग म्हटले, येथे कोणी येत नाही.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. बालहक्क संरक्षण राष्ट्रीय आयोगाने २०२१ साली अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांविषयी अहवाल प्रसिद्ध केला. ख्रिस्ती संस्थांच्या शाळांत सुमारे ७४ टक्के विद्यार्थी ख्रिस्तेतर आहेत, असे त्यात म्हटले आहे. याचा आपल्याला आनंद व्हावा, कारण आपले दार सर्वांना उघडे आहे. परंतु त्याच अहवालात असेही म्हटले आहे की सर्व अल्पसंख्याक शाळांतील विद्यार्थ्यांत सामाजिक व आर्थिक दृष्ट्या दुर्बल घटकांतील मुले अवघी ८.७६ टक्के आहेत. हा आकडा केवळ ख्रिस्ती शाळांचा नाही, सर्व अल्पसंख्याकांचा मिळून आहे. आकड्यांवर वाद घालता येईल. पण वाद घालण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या शाळेचे हजेरीपत्रक उघडून पाहावे. ज्यांच्यासाठी ती मातीची खोली उभी राहिली, त्यांची नातवंडे आज आपल्या काँक्रीटच्या इमारतीत आहेत काय?

एक चित्र डोळ्यांपुढे आणा. दिवाळी उलटली आहे. साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला आहे. मुकादमाची उचल घेऊन दूरच्या कोरडवाहू गावातून एक टोळी आली आहे आणि उसाच्या फडाशेजारी पाचटाच्या कोप्या उभ्या राहिल्या आहेत. आईबाप पहाटेच कोयता घेऊन फडात गेले आहेत. आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन आपल्या शाळेच्या फाटकाशी उभी आहे आणि आतून येणारे पाढे ऐकत आहे. तिच्याजवळ दाखला नाही, गणवेश नाही. हंगाम संपला की चार-पाच महिन्यांनी ती निघून जाणार. परीक्षेच्या निकालात तिचा आपल्याला काही उपयोग नाही. भावाला खाली ठेवता येत नाही म्हणून ती एकटी आत येऊ शकत नाही. आपण काय करू?

२००९ साली संमत होऊन १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षण हक्क कायदा सांगतो की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, असा निर्णय दिला. २०२५ साली त्याच न्यायालयाच्या एका पीठाने त्या निर्णयाचा मोठ्या पीठापुढे फेरविचार व्हावा असे म्हटले. ते न्यायालय ठरवील. आपल्या संस्थांची स्वायत्तता आपल्याला प्रिय आहे, आणि घटनेने दिलेला तो हक्क जपलाही पाहिजे. परंतु मला विचारायचे आहे ते इतकेच, की कायद्याने आपल्याला मोकळे केले, म्हणून शुभवर्तमानाने मोकळे केले काय? शिष्य बालकांना अटकाव करू लागले तेव्हा प्रभूला राग आला, असे संत मार्क लिहितो. प्रभू रागावल्याचे प्रसंग शुभवर्तमानात फार नाहीत. त्यांतला एक, मुलांना दारात अडवले म्हणून आहे.

कोणी म्हणेल, ‘फादर, हे सारे ऐकायला गोड आहे, पण तीस-चाळीस मुलांची शाळा परवडत नाही.’ हिशेब खोटा नाही. गालील सरोवराच्या काठी फिलिपनेही असाच हिशेब मांडला होता, आणि तोही खरा होता. पण त्या दिवशी हिशेबाने कोणाचे पोट भरले नाही. एका मुलाने आपल्या पाच भाकरी आणि दोन मासे पुढे केले, तेव्हा पंगत उठली. संत योहान आवर्जून सांगतो की त्या भाकरी जवाच्या होत्या, म्हणजे गरिबाच्या. १५९७ साली संत जोसेफ कलासान्झ यांनी रोममध्ये सांता दोरोतेआ या लहान चर्चच्या आवारात गरीब मुलांसाठी विनामूल्य शाळा उघडली, तेव्हा त्यांच्याजवळही मोठे भांडवल नव्हते. ख्रिस्ती लोकशाळांचे आश्रयदाते संत म्हणून ख्रिस्तसभेने १९४८ साली त्यांचे नाव घोषित केले, ते त्यांच्या इमारतींमुळे खचितच नव्हे.

म्हणून या जून महिन्यात आपल्या धर्मग्रामाने चार साध्या गोष्टी कराव्यात. पहिली, धर्मग्राम मंडळाची एक सभा गावच्या प्राथमिक शाळेत, मुलांच्या जाजमावर बसून घ्यावी; खुर्चीवरून न दिसणारे पुष्कळ काही तेथून दिसेल. दुसरी, सणाच्या रोषणाईतून आणि भोजनातून काही वाचवून शिक्षकांच्या पगाराची आणि छपराची सोय करावी. तिसरी, गावातील शिकलेल्या मुलामुलींनी आठवड्यातून दोन संध्याकाळी तेथे इंग्रजी आणि गणित शिकवावे, म्हणजे मातृभाषेत शिकणारे मूल मागे पडणार नाही. आणि चौथी, प्रत्येक वर्गात एक जागा रिकामी ठेवावी. हंगामापुरत्या येणाऱ्या त्या मुलीसाठी, तिच्या कडेवरच्या भावाला झोपवता येईल अशी झोळीही बांधून.

तिरुप्पनंदाळच्या कथेतल्या राजाला वाटले, देव सरळ उभा असला तरच शोभतो. आपल्यालाही वाटते, शाळा उंच असली तरच शोभते. परंतु ज्याला आपण गुरू मानतो तो एकदाच लिहिताना दिसतो, आणि तेव्हा तो धुळीत वाकलेला आहे. ज्यांना वाकता आले नाही ते हातातले धोंडे टाकून एकेक करून निघून गेले. थोरले आधी गेले. मागे राहिली ती फक्त त्याच्या जवळ उभी असलेली, सर्वांनी टाकलेली ती स्त्री.

प्रभू येशू, आमच्या गावच्या शाळेत ये. आमच्या शिक्षकांना तुझ्यासारखे वाकायला शिकव आणि आमच्या संस्थांना त्यांचे मातीतले जन्मस्थान विसरू देऊ नकोस. फाटकाशी उभ्या असलेल्या लेकराला आम्ही अडवले, तर आमच्यावर रागाव. आणि आम्ही त्याला आत घेतले, तर त्याच्या पाटीवर पहिले अक्षर तूच आपल्या बोटाने काढ. आमेन.